जिथे चिंचोका पडला नाही

क्रांती मॅडमना समुद्राचा तळ हवा होता. तो सांगणारी माणसं होळीच्या आठवड्यातच घरी सापडतात, म्हणून आम्ही तलासरीच्या आतल्या पाड्यावर आलो होतो.

एरवी या पाड्यावर पुरुष म्हणजे म्हातारे आणि पोरं. बाकीचे पावसाच्या शेवटाला ओखा-पोरबंदरच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, होळीला येतात, नाचतात, ताडी पितात, बायकांशी भांडतात आणि पुन्हा जातात. मी राहते किनाऱ्यावर, आगरला, सुकी मासळी विकते. तलासरीच्या बाजारात माझे बोंबील या सगळ्या बायका घेतात आणि सगळ्या म्हणतात की मागच्या खेपेचे बरे होते. ओळख एवढी जुनी, म्हणून मॅडमच्या ऑफिसने मला दुभाषी म्हणून ठेवलं. मॅडम मराठीच बोलायच्या. पण त्यांच्या मराठीचं मराठी करायला माणूस लागायचं.

"आपल्याला समुद्रतळावरील अडथळ्यांची स्थाननिश्चिती करायची आहे," त्या म्हणाल्या.

"जाळं कुठं कुठं फाटतं ते सांगा," मी म्हटलं.

पुरुष हसले आणि खाटेजवळ सरकले. खाटेवर नकाशा पसरला होता, कच्छच्या खालचा समुद्र, निळ्यावर बारीक आकडे. चारही कोपऱ्यांवर दगड. वर सरकारने धरणीकंपाच्या वेळी दिलेला तंबू, आता त्याचा मांडव झालेला. पाड्यात असे तंबू पुष्कळ आले होते. बहुतेकांचे पेंढा झाकायला गेले, लाडकीचा एकटीचा अंगणात उभा राहिला. म्हणून बैठक तिच्याकडे.

लाडकी चहा करत होती. तिच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर आहे. इथली जमीन काही वर्षांपासून मधूनच धाडकन आवाज करते, जसं कोणी खालून कुदळ मारतंय. आधी लोक बाहेर पळायचे. आता हातातलं भांडं खाली ठेवतात आणि थांबतात.

लाडकीचा नवरा काळ्या. तो ज्या बोटीवर होता ती 'सागरलक्ष्मी' एका मोसमात परत आली नाही. मालक म्हणाला, पलीकडच्यांनी धरली असेल, सुटतील. इथे ते नवल नाही. धरलेली माणसं कराचीच्या तुरुंगातून कैक वर्षांनी परत आलेली सगळ्यांनी पाहिली आहेत, दाढी वाढवून, उर्दूतल्या शिव्या शिकून. प्रत्येक सुटकेच्या वेळी पेपरात नावं येतात. ती मी लाडकीला वाचून दाखवते. काळ्याचं नाव कधी आलं नाही. "नावं चुकीची छापतात ते," ती म्हणते. छापतात, ते खरं आहे.

आशागडचा नविन चिकूचा टेम्पो चालवतो. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली. तो लाडकीला म्हणाला, माझ्या घरी ये. माणूस चांगला आहे; भाव करताना चिकू दाबून पाहत नाही. लाडकी त्याला म्हणाली, या होळीनंतर सांगते. मला वेगळंच म्हणाली: "तो मेला असं कोणी सांगितलं, तर मी रडीन आणि जाईन. तो जिता आहे असं सांगितलं, तर बसून राहीन. पण बाय, कोणी काय सांगतच नाय."

तर ती बैठक. मॅडमनी आधी समजावलं की हे कशासाठी.

कराचीच्या पुढे मकरान म्हणून किनारा आहे. तिथे समुद्राखालचा जमिनीचा एक थर दुसऱ्याखाली घुसतोय आणि मध्येच अडकून बसलाय. मी सांगितलं, "आपण गोधडीवर झोपलोय आणि खालून कोणीतरी गोधडी ओढतंय. ती आपल्या वजनाखाली अडकलीय. तो ओढतोच आहे. एक दिवस ती एकदम सुटेल."

"मग?" भीमाने विचारलं. भीमा काळ्याचा चुलतभाऊ, आयुष्यभर बोटीवर.

"मग पाणी उठेल. पंचेचाळीस साली उठलं होतं, मुंबईपर्यंत आलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"ओढणाऱ्याला सांगा ना, सोड म्हणून."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण त्यांचा हात नकाशाच्या वरच्या कडेवर, जिथे कागद संपत होता तिथे होता. तिकडे आपल्याला जाता येत नाही, त्या म्हणाल्या. तिकडचं काम दुसऱ्या देशाचं जहाज करणार. आपण आपल्या हद्दीत तळावर यंत्रं ठेवायची आणि तिकडचं ऐकायचं. जहाज पाण्यात मोठा आवाज करत जाईल, तो खाली जमिनीत शिरून परत येईल, यंत्र ते टिपेल. नंतरही वर्षभर ते खाली पडून ऐकत राहील. मग जहाजावरून इशारा गेला की पायाखालचं वजन सोडून आपोआप वर येईल.

"म्हणजे झोपलेल्याला हलवायचं," भीमा म्हणाला, "आणि विचारायचं, झोप कशी लागली?"

"तो झोपलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तीच अडचण आहे."

यावर कोणी हसलं नाही. हे मी मराठीत करायची गरजही पडली नाही.

मग काम सुरू झालं. यंत्र जाळ्याच्या गुंत्यात पडलं तर कायमचं खालीच राहतं, म्हणून अडणाऱ्या जागा आधी कळायला हव्या होत्या. लाडकीने सुपात चिंचोके आणून ठेवले. ज्याला जागा आठवेल त्याने चिंचोका ठेवायचा, मॅडम शेजारी पेन्सिलीने लिहिणार. पहिला चिंचोका ठेवायला अर्धा तास गेला. खलाशी आपली जागा सहजी सांगत नाही. जिथे जाळं अडतं तिथेच मासा बसतो. पण एकाने ठेवला, दुसरा म्हणाला, तिथं नाय रे, एक वाव खोल घे, बोट हाकणारा तुझा तांडेल झोपला होता तेव्हा. मग चढाओढच लागली. इथे खडक. इथे जुना लोखंडी सांगाडा. इथे पाइप, याच्यावर आमच्या मालकाची दोन जाळी गेली आणि आमचा दिवाळीचा बोनस.

दुपारपर्यंत नकाशा तपकिरी झाला. लाडकी तिसऱ्यांदा चहा घेऊन आली आणि थाळी धरून उभी राहिली. तेव्हा मला ते दिसलं. जखौ बंदराच्या पश्चिमेला, चिंचोक्यांच्या ऐन मधोमध, तळहाताएवढी निळी जागा उघडी होती.

मॅडमनाही दिसली. त्यांचा चेहरा उजळला. सकाळपासून त्यांना अशीच जागा हवी होती. "इथे तळ स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या आणि लाल पेनाने तिथे ठिपका काढला. "इथे काही नाही ना? विचारा त्यांना."

मी विचारलं. एकाने तंबूच्या छताकडे पाहिलं. एकाने कपातला चहा फिरवला. भीमा उठला, बिडी पेटवायला अंगणाच्या कडेला गेला. माचीस त्याच्या डोक्याच्या फडक्यात, कानाजवळ खोचलेली होती, तरी तो खिसे चाचपत राहिला.

"काही बोलले नाहीत," मी मॅडमना सांगितलं.

"छान," त्या म्हणाल्या आणि ठिपक्याशेजारी यंत्राचा नंबर लिहिला.

मला गप्प राहता आलं असतं. बोंबील विकणाऱ्या बाईला गप्प राहणं कोणी शिकवत नाही, पण ते येतं. आमच्या आगरलाही हे आहे. खडक असला तर खडक म्हणतात, पाइप असला तर पाइप. जिथे बोट गेली, ती जागा कोणी तोंडाने घेत नाही. तिच्या वरून जाताना नारळ सोडतात आणि इंजिनाचा आवाज कमी करतात. नाव घेतलं की ती जागा आणखी एक मागते, असं म्हणतात. मॅडमच्या ऑफिसात हे कोणाला माहीत असणार? त्यांच्याकडे न सांगितलेली जागा म्हणजे रिकामी जागा.

मी लाडकीकडे पाहिलं नाही. न पाहणंही पुरतं दिसलं असावं.

तेवढ्यात खालून धाडकन झालं.

मोठं नव्हतं. थाळीतले कप एकमेकांवर वाजले. भिंतीच्या चिरेतून माती ओघळली, धार धरून, सावकाश. मॅडम एकदम उठून अंगणात गेल्या. बाकीचे बसल्या जागी थांबले, नेहमीसारखे. कुत्रं भुंकून गप्प झालं. नकाशावरचे चिंचोके थोडे सरकले होते. उघडी जागा मात्र तशीच होती, कारण तिथे सरकायला काही नव्हतं.

लाडकीने थाळी खाली ठेवली.

"भीमादादा," ती म्हणाली.

"काय ग."

"तिथून तुमची बोट जाते?"

"जाते."

"जाळं टाकता?"

भीमाने बिडी काढली, पाहिली, पुन्हा तोंडात धरली. पेटलेली नव्हती.

"नाय टाकत."

"काय हाय तिथं?"

"कुठं काय म्हणतो मी?"

"म्हणून तं विचारते. सगळ्या दर्यात तुम्हाला काय काय सापडलं. म्हशीची शिंगं सुद्धा सापडली त्या वेस्त्याला. तिथंच काय नाय?"

मॅडम परत तंबूत आल्या होत्या. "काय म्हणतायत?" त्यांनी मला विचारलं. मी हाताने थांबा म्हटलं. दिवसभरात पहिल्यांदाच मी माझं काम केलं नाही.

भीमा खाटेजवळ आला नाही. जिथे उभा होता तिथूनच, शेणाने सारवलेल्या जमिनीकडे बघत बोलला.

"फळी आली होती जाळ्यात. हिरवी. 'सागर' एवढंच होतं तिच्यावर, पुढचं मोडलेलं. मागून जाळ्याचा गोळा, ओढता ओढेना. तांडेल म्हणाला, कापा. कापलं. फळी परत सोडली, नारळ दिला."

"कधी?"

"तो गेला त्याच्या दुसऱ्या साली."

लाडकी आतून काहीतरी मोजत असावी. त्या सालानंतर मी तिला वाचून दाखवलेली नावं मीही आठवत होते.

"तू माझ्या घरी जेवलास त्या होळीला," ती म्हणाली.

"जेवलो."

"पुढच्या बी."

"फळी म्हणजे माणूस नाय, लाडके. दुसरा कोणी 'सागर' असेल. तरंगून दुसऱ्या बोटीवर चढला असेल, मग धरला असेल त्यांनी. मी काय सांगू येऊन? फळी आली, कुंकू पूस?" त्याचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "आणि नाव घ्यायचं नसतं त्या जागेचं. तुला काय माहीत नाय?"

"मला माहीत हाय."

मग मी मॅडमना सांगितलं. थोडक्यात सांगितलं, त्यांच्याच मराठीत, कारण त्या वेळी तीच बरी वाटली: अडथळा आहे, बोट बुडालेली आहे, या बाईंचा नवरा त्या बोटीवर होता.

मॅडम पोरसवदा होत्या. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "मी ठिपका हलवते," त्या म्हणाल्या. "सॉरी. लगेच हलवते."

"ते यंत्र वर्षभर ऐकतं ना?" लाडकीने त्यांनाच विचारलं.

"हो."

"काय काय ऐकू येतं त्याला?"

"सगळंच. वरून जाणारी बोट. देवमासा. दूरचा भूकंप. इथे आत्ता झाला ना, तोसुद्धा ऐकू जाऊ शकतो."

"म्हणजे इथलं तिथं पोचतं."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी काहीच केलं नाही. या वाक्याचं आणखी सोपं मराठी माझ्याकडे नव्हतं.

लाडकीने सुपातून एक चिंचोका उचलला. पदराला पुसला, जणू कोणाच्या तोंडात द्यायचा आहे. मग खाटेवर वाकून तो तिने लाल ठिपक्यावर ठेवला आणि बोटाने दाबून धरला. जमलेल्यांपैकी एक म्हातारा हळूच "हां" म्हणाला, मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घातल्यावर म्हणतात तसं. भीमा तोंड फिरवून उभा होता.

"बाजूला ठेवा तुमचं यंत्र," ती म्हणाली. "पण लांब नको."

मॅडमनी बोटभर अंतरावर नवा ठिपका काढला. मग पेन्सिल घेतली. प्रत्येक चिंचोक्याशेजारी काहीतरी लिहायचं होतं: खडक, पाइप, सांगाडा. त्यांची पेन्सिल कागदाच्या वर थांबली. "इथे काय लिहू?" त्यांनी मला विचारलं, अगदी हळू.

मी तोंड उघडायच्या आत लाडकी म्हणाली, "काळ्या."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. पेपर वाचतानाही ती 'आमचं माणूस आलं का' असंच विचारायची. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मागे चुलीपाशी बसलेल्या बायका ताठ झाल्या.

मॅडमनी लिहिलं. पेन्सिलीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

लाडकी रडली नाही, निदान तेव्हा नाही. मला म्हणाली, "नविनला सांग बाय, दहावं झाल्यावर ये म्हणावं. त्याच्या आधी दारात दिसला तं मी बोलणार नाय."

"सांगते."

मॅडम नकाशा पुन्हा तपासायला वाकल्या. त्यांनी लाल पेन दूर ठेवलं होतं आणि आता बोटाने बघत होत्या, वरून खाली, चिंचोक्यांच्या मधून. एका जागी बोट थांबलं. ओख्याच्या खाली, तशीच उघडी. मग आणखी एका. तिथे तर त्यांनी सकाळीच लाल ठिपका काढून ठेवला होता.

"आणि इथे?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं नाही. गरज नव्हती. पुरुषांनी प्रश्न ऐकला होता आणि पुन्हा कोणी तंबूच्या छताकडे, कोणी कपात बघू लागलं होतं.

चुलीपाशी बसलेल्या बायकांतून सुकी उठली. तिचा भाऊही बोटीवरून परत आला नव्हता. तिच्या मागे बायजी उठली, तिचा मुलगा आला नव्हता. दोघी कधी खाटेच्या पुरुषांच्या बाजूला येत नाहीत. आल्या आणि नकाशाच्या कडेला उभ्या राहिल्या. निळ्यातलं त्यांना काय कळत होतं कोण जाणे, पण उघडी जागा कळत होती. खालून पुन्हा एकदा बारीक धडक आली, लांबची. कोणीही हललं नाही. भिंतीतून माती ओघळत राहिली.

लाडकीने सूप उचललं. मूठभर चिंचोके घेतले आणि अंगणाच्या कडेला, भीमापाशी गेली. त्याच्या कानाजवळची माचीस काढून त्याच्या खिशात टाकली, तोंडातली बिडी काढून फेकली, हात सरळ करून तो उघडला आणि मूठ त्यात रिकामी केली.

"चल," ती म्हणाली. "बाकीचे बी ठेव."