चादरीआडचा फळा

मी एक जुनी भिंत आहे आणि वर्षभरापासून फळाही आहे. मित्रांनो, आता मी स्वतःला फळाच म्हणवून घेतो. पण भिंत होतो तेव्हा मला कसली काळजी नव्हती. फळा झालो आणि धास्ती मागे लागली, ती आजतागायत. जिन्यात चपला वाजल्या, की मी कान टवकारतो.

माझं घर छत्रपती संभाजीनगरजवळच्या बजाजनगरात, पहिल्या मजल्यावर. खोली भाड्याची. खाली मालक साहेबराव आणि त्यांच्या पत्नी कडूबाई राहतात. साहेबरावांनी खोली देताना भाडेकरूला एकच अट घातली होती: "बाकी कसंबी राहा, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाय." वाळूजच्या कारखान्यात काम करणारा गोकुळ, त्याची बायको प्रेरणा आणि दुसरीतली श्रेया, तिघांनी ही अट चार वर्षं पाळली. कॅलेंडरसुद्धा दाराच्या कडीला टांगलेलं असायचं.

अट मोडली ती श्रेयासाठी. शाळेत बाईंनी फळ्याजवळ बोलावलं, की पोरीचा हात ताठ व्हायचा आणि खडू खाली पडायचा. मुलं हसायची. वहीत ती सगळं बरोबर लिही, पण फळ्यासमोर तिला एक अक्षर येत नसे. गोकुळने ठरवलं, घरातच असा मोठा फळा करायचा, की फळ्याचं भय म्हणून उरायचं नाही.

पण खिळ्याचं काय? नाथषष्ठीला मालक-मालकीण दोन दिवसांसाठी पैठणला गेले. त्यांची एसटी सुटली असेल-नसेल, तोवर इथे ड्रिल मशीन सुरू झालं. आई गं! मला आरपार भोकं पडतात की काय, अशी भीती वाटली. गोकुळचा मित्र मोहियोद्दीन पेंटर. त्याने मला पॉलिश पेपरने घासलं, पुट्टी भरली, पुन्हा घासलं आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. गोकुळने कारखान्यात टाकून दिलेल्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या होत्या. त्या रंध्याने तासून, कोपरे तिरके कापून त्याने आठ फूट लांब आणि पाच फूट उंच चौकट बसवली. खाली खडू ठेवायला पट्टी केली. खरं सांगतो, मी देखणा दिसत होतो.

जाताना मोहियोद्दीनने बजावलं, "गोकुळभाई, तीन दिन हात नक्को लगाना. चौथ्या दिवशी आख्खा खडू आडवा घासायचा, पुसायचा, मगच लिहायचं. नाही तो पहिलं लिहिलेलं कधीच जानेका नहीं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पण नवी वस्तू घरात आल्यावर श्रीकार न काढता ती तीन दिवस तशीच कशी ठेवायची? प्रेरणाला ते काही पटेना. संध्याकाळी तिने दिवा लावला, श्रेयाच्या हातात खडू दिला आणि म्हणाली, "एकदाच काढ, हलक्या हातानं." श्रेयाने जीभ बाहेर काढून, चांगला दाबून, माझ्या मधोमध 'श्री' काढला. रंग अजून कच्चा होता. तो 'श्री' माझ्यात जो बसला तो बसलाच. नंतर कितीही पुसला तरी फिकट उमटलेला दिसायचा. मला त्याची फार लाज वाटे. नव्या कपड्याला पहिल्याच दिवशी डाग पडावा तसं झालं.

मालक परतायच्या आत माझ्यावर सोलापुरी चादर आली. मग माझा दिनक्रमच ठरला. दुपारी शाळेतून आल्यावर चादर वर, चपला वाजल्या की चादर खाली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळे साहेबराव टाकी बघायला सारखे गच्चीवर जायचे, आणि जिना आमच्या दारावरूनच. मी चादरीआड अंग चोरून उभा असायचो. पोरगी ओठ घट्ट मिटून पायऱ्या मोजायची. एकदा साहेबराव दारात थांबून म्हणाले, "चादर वाळत घालायला गच्ची हाय की!" गोकुळ नुसता हसला.

तरी श्रेया लिहीत होती. आधी खालच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं. पावसाळ्यात पट्टीच्या वर एक ओळ. दिवाळीपर्यंत स्टुलावर उभी राहून सातचा पाढा, हातभर आकड्यांत. शाळेत मात्र खडू अजून पडत होता. मला रोज वाटे, आणखी थोडे महिने मिळू देत.

ते मिळायची चिन्हं भोगीच्या दिवशी संपली. संक्रांतीच्या सफाईत प्रेरणाने घरातलं सगळं धुतलं आणि त्या भरात माझी चादरही धुवून गच्चीवर टाकली. तेवढ्यात कडूबाई हळदी-कुंकवाचं आमंत्रण द्यायला वर आल्या. दार उघडंच होतं. त्यांनी मला पाहिलं आणि जिन्यातून हाक मारली, "अहो, वर या जरा!"

साहेबराव आले. त्यांचा चेहरा लाल झाला. "एक खिळा ठोकू नका म्हणलो होतो. तुम्ही तर आख्खी भिंतच काळी केली! आज सांजंपर्यंत पांढरी पाहिजे, नायतर खोली खाली करा."

गोकुळने मान खाली घातली. "चुकलं मालक. विचारायला पाहिजे होतं."

मोहियोद्दीन पांढऱ्या रंगाची बादली आणि रोलर घेऊन आला. तो गोकुळला म्हणाला, "पहले खडू पोछो. धूळ पे रंग नहीं टिकता." श्रेयाने कुणाची वाट पाहिली नाही. तिने फडकं घेतलं आणि पाढे, बेरजा, आंब्याचं झाड, स्वतःचं नाव, सगळं एकेक करून पुसून टाकलं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मित्रांनो, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला ते यावं असं फार वाटलं.

सगळं गेलं आणि मधोमध तो फिकट 'श्री' उरला.

"तेवढं पण पूस की गं," कडूबाई म्हणाल्या.

श्रेया मालकांसमोर कधी तोंड उघडत नसे. ती कडूबाईंकडे वळली. "ते पुसलं जात नाही आजी. मी पहिल्या दिवशी काढलं होतं. रंग ओला होता."

मोहियोद्दीनने रोलर बादलीत बुडवला, वर उचलला आणि तसाच थांबला. "मालक, ये देव का नाव है. मेरे हाथ से नहीं होता." त्याने रोलर गोकुळकडे दिला. गोकुळने तो तसाच साहेबरावांपुढे धरला. साहेबराव तो घेऊन तावातावाने पुढे झाले.

"हात तर लावा त्या श्रीला!" कडूबाई म्हणाल्या.

रोलरमधून पांढरे थेंब फरशीवर पडत राहिले. साहेबराव एकदा माझ्याकडे बघत, एकदा बायकोकडे. "श्री सोडून बाजूनं मारा," ते म्हणाले. मोहियोद्दीनने मान हलवली. "डब्बा दिखेगा, मालक. काला डब्बा." शेवटी साहेबरावांनी रोलर बादलीत टाकला. "फाल्गुनात करार संपतोय, तवर राहू द्या. मग बघू." ज्या डागाची मला एवढी लाज वाटायची, त्यानेच मला वाचवलं होतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी श्रेया शाळेतून पळत आली. दप्तर न काढताच तिने माझ्यावर एक वजाबाकी लिहिली, चांगली ठसठशीत, आणि आईला म्हणाली, "बाईंच्या फळ्यावर मी एवढीच मोठी लिहिली. खडू नाही पडला."

फाल्गुन आला. माझी झोप उडाली. घर बदलताना चौकट काढून नेता येते, पण मला कोण नेणार? आज सकाळी साहेबराव पैठणला निघण्याआधी वर आले. प्रेरणा मला ओल्या फडक्याने पुसत होती. मी म्हटलं, आता करार निघणार. साहेबराव दारातच थबकले.

"ओल्या फडक्यानं नका पुसू हो," ते म्हणाले. "ओल धरंल. आपला फळा हाय तो."

आणि चपला फटफटवत खाली गेले. कराराचा शब्दही त्यांनी काढला नाही.

मित्रांनो, तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. घरी फळा केलात तर त्याला कोरड्या कापडाने पुसा. आणि भिंत ज्याची आहे, त्याला आधी विचारा. वर्षभर चादरीआड उभं राहणं फार कठीण असतं.