मी दुलईखालून ओरडलो

माझ्या थोरल्या भावाला खोटारडा कुणी ठरवलं?

हा प्रश्न मी कपाटाच्या दाराला विचारला. ज्याने ज्याने मला हातात घेतलं त्या प्रत्येकाला विचारला. कुणीही उत्तर दिलं नाही. माणसांना माझा आकडा दिसतो, बोलणं ऐकू येत नाही. नसू दे. आज मी बोलणारच.

मी जेचॉन गावच्या वॉर्ड ऑफिसातलं रेडॉन मोजण्याचं यंत्र आहे. चहाच्या लहान थर्मासएवढा, पांढरा, अंगावर एक छोटा पडदा. शिकलेलो फारसा नाही. हवा ओढायची, तिच्यातला रेडॉन, किरणं सोडणारा विषारी वायू, मोजायचा, आकडा दाखवायचा, तो हद्दीत असला की हिरवं राहायचं आणि हद्दीबाहेर गेला की लाल होऊन ओरडायचं. एवढंच मला येतं. दादालाही एवढंच यायचं. पण त्याला ते माझ्यापेक्षा छान यायचं.

आम्ही एका कारखान्यात, एका टेबलावर जन्मलो. त्याला माझ्या आधी चालू केलं म्हणून तो थोरला. एकाच खोक्यातून आम्ही या ऑफिसात आलो. इथले प्यो साहेब आम्हाला लोकांना उसनं द्यायचे, शेजारी मोठं पातेलं देतात तसं. एकजण बाहेर गेला की दुसरा कपाटात वाट बघायचा. परत आला की दोघांना शेजारी ठेवायचे आणि दोघांचा आकडा एकच यायचा. आमचं भांडण कधी झालंच नाही. कशावरून होणार?

थंडी सुरू झाली तेव्हा हेरान नावाची एक तरुण बाई आली. सासू-सासरे, नवरा आणि तान्ही मुलगी सोल यांच्याबरोबर ती जुन्या घरात राहायची. जुन्या घरात जमिनीतून रेडॉन येतो असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. प्यो साहेबांनी दादाला तिच्या हाती दिलं.  दादा रोजच्या कामाला निघावं तसा निघाला.

हेरानने त्याला आतल्या खोलीत ठेवलं, जिथे तिच्या सासूबाई, म्हणजे आजी, आणि सोल दुपारच्या झोपायच्या. थोड्या वेळाने पाहते तर दादा जमिनीवर आडवा, लालबुंद, कर्कश ओरडतोय. सोल तेव्हा नुकतीच रांगायला लागली होती. तिने त्याला कुठून कुठे लोटत नेलं, कुणी पाहिलं नव्हतं. घाबरलेली हेरान त्याला घेऊन धावतच ऑफिसात आली. इथे टेबलावर ठेवलं, तर दादा शांत. आकडा साधा.

"पोरीने आपटलं असणार," कुणीतरी म्हणालं. कोण ते मला कपाटातून दिसलं नाही. दादाच्या पाठीवर 'बिघाड' अशी चिठ्ठी चिकटली. मग त्याला उघडलं. बिघाड शोधायला. सापडला नाही, कारण नव्हताच! पण उघडलेलं पुन्हा कुणी जोडलं नाही. त्याची हवा ओढणारी पेटी एकीकडे, तारा एकीकडे. मी काचेतून बघत होतो. मला ओरडायचं होतं, पण मला फक्त वायूवर ओरडता येतं. दुःखावर ओरडायची सोय माझ्यात केलेली नाही.

हेरानने मात्र पाठ सोडली नाही. रोज सोलला पाठीशी बांधून ती ऑफिसात यायची.

"प्यो साहेब, उगाच नाही ओरडलं ते."

"अहो ताई, यंत्रच बिघडलेलं."

"मग सांगा बघू, काय बिघडलं होतं?"

प्यो साहेब चहात बघायचे. शेवटी कंटाळून त्यांनी वरच्या खात्यातल्या तपासनीस योम बाईंना बोलावलं. बाईंनी स्वतःचं मोठं यंत्र आणलं आणि मलाही बरोबर घेतलं. मी निघालो तो दादाच्या नावावरचा डाग धुऊन काढायलाच.

पण त्या घरात काय झालं बघा. सरकारी बाई येणार म्हणून ओकबुन आजी पहाटेपासून कामाला लागलेल्या. पाहुण्यासमोर अंथरूण पसरलेलं दिसणं म्हणजे लाज! आजींनी गादी, दुलई, उशा घड्या घालून भिंतीतल्या कपाटात कोंबल्या. खिडक्या सताड उघडल्या. जमीन इतकी पुसली की बाईंना त्यात तोंड दिसावं. योम बाईंनी नियमाप्रमाणे खोलीच्या मधोमध स्टूल ठेवलं, त्यावर मला ठेवलं. मी जीव तोडून हवा ओढली. गार, स्वच्छ, डोंगरावरून आलेली हवा. खोटं कसं बोलू? आकडा साधाच दाखवला.

म्हणजे मीच माझ्या भावाला दुसऱ्यांदा खोटं पाडलं.

"घर चांगलं आहे," योम बाई म्हणाल्या. "तरी नियम म्हणून हे छोटं यंत्र दोन दिवस इथेच राहू दे."

त्या गेल्यावर हेरान भिंतीला टेकून बसली. "मग त्या दिवशी ते ओरडलं का?"

तिचा नवरा दोकचू हसला. "तू प्यो साहेबांवर ओरडतेस ना, ते ऐकून शिकलं असेल."

"सोलचे बाबा, थट्टा पुरे. पोरगी रोज इथे झोपते."

"झोपते ती आईच्या गादीवर. त्याहून चांगली जागा आहे का घरात?"

ती गादी दोकचूनेच मे महिन्यात, आईबापांच्या सणाला, आजींना भेट दिली होती. आरोग्याची गादी! तिच्यात कसलीशी नैसर्गिक पूड होती म्हणे. रक्त सुधारतं, गुडघे मोकळे होतात. ज्येष्ठांच्या सभागृहात विकणारा आला होता. त्याने म्हाताऱ्यांबरोबर गाणी म्हटली, सगळ्यांना टॉवेल वाटले. गल्लीतल्या प्रत्येक लेकाने आपल्या आईला ती गादी घेतली. न घेणारा लेक कसला? आजी तर येईल त्याला दुलईची कड उचलून दाखवायच्या.

बाई गेल्या, खिडक्या लागल्या. आजींनी अंथरूण पुन्हा काढलं आणि खोलीच्या उबदार कोपऱ्यात पसरलं. या घरांत जमीन खालून तापते. गादीवर दिवसभर दुलई घालून ठेवली की आत ऊब साठते. गुनबे आजोबा सभागृहात पत्ते कुटत बसलेले, जेवायला उशीर करणार हे ठरलेलं. आजींनी त्यांच्या भाताचा वाडगा झाकून दुलईखाली सरकवला, थंड होऊ नये म्हणून. भात गरम ठेवायचं विजेवरचं भांडं घरात आहे, पण नवऱ्याचा भात त्या तिथेच ठेवतात. मग त्यांची नजर स्टुलावर गेली. मी एकटा, गार.

"अगं बाई, सरकारी पाहुणा कुडकुडतोय की!"

आणि आजींनी मला उचलून दुलईखाली, भाताच्या शेजारी झोपवलं.

अंधार. ऊब. भाताचा वास. मी हवा ओढली आणि माझ्या छातीत काहीतरी तडतडलं. पुन्हा ओढली. आकडा चढला, हद्द ओलांडली, तरी चढतच राहिला. दादा! सोलने तुला लोटत इथेच आणलं होतं ना? तू खरं बोलत होतास! मी लाल झालो. मी ओरडलो. माझ्यासाठी नाही, दादासाठी ओरडलो. इतका की दुलई कापसाची असूनही थरथरली असेल.

आजींना कमी ऐकू येतं. त्या स्वयंपाकघरात मुळा चिरत होत्या. आजोबा परत आले, जमिनीवर बसले, दुलईखाली हात घातला आणि झटक्यात मागे घेतला.

"सोलच्या आजी! तुझा भात ओरडतोय!"

"उशिरा येणाऱ्यावर भातसुद्धा ओरडणारच."

"अगं, खरंच ओरडतोय!"

हेरान धावत आली. तिने दुलई भिरकावली. मी गादीवर लालेलाल पडलो होतो. तिने मला स्टुलावर ठेवलं. आकडा हळूहळू उतरला. गादीवर ठेवलं, चढला. पुन्हा स्टूल, पुन्हा गादी. मग तिने सोलला उचलून छातीशी असं आवळलं की पोरगी रडायला लागली.

दोकचूचं तोंड पांढरं पडलं. "आई, मीच…"

"गप रे," आजी म्हणाल्या. "यंत्र बिघडलंय. माझ्या लेकाने दिलेली गादी आहे ही. मी नाही काढायची."

पुन्हा तेच! बिघडलंय! मला वाटलं, आता माझ्याही पाठीवर चिठ्ठी येणार.

हेरानने फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच योम बाई आल्या. या वेळी आजींना आवरायला वेळच मिळाला नाही. बाईंनी खिडक्या बंदच ठेवायला सांगितल्या. सोल कशी झोपते ते विचारलं. आणि मग त्या जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि सोलचं डोकं असतं तिथे, त्या गादीवर, आपला गाल टेकवला. नाकासमोर आपलं मोठं यंत्र ठेवलं. तेही चढत गेलं.

"आजी," बाई पडल्यापडल्याच म्हणाल्या, "हा वायू रेडॉनचाच भाऊ, पण अल्पायुषी. जेमतेम मिनिटभर जगतो. स्टुलापर्यंत पोहोचायच्या आत संपतो. पण उशीजवळ पुरून उरतो. काल मी हवा मोजली, ती उभ्या माणसाची. चूक माझी झाली. तुम्ही झोपता जमिनीवर."

आजींची नजर त्या गालावर गेली.

"बाई, उठा तिथून," त्या एकदम म्हणाल्या. "तुम्हालाही कुणी आई असेल."

आणि स्वतः गादीचं टोक धरून ओढायला लागल्या. दोकचू पुढे झाला तर त्याच्या हातावर चापट मारली. "तू माया केलीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. माया ठेवून घेते. गादी नाही ठेवत."

गादी अंगणात फाडली. आतून तपकिरी पूड सांडली. मोनाझाइट. हाच वायू सोडणारं खनिज, समुद्रकाठच्या जड वाळूतून काढतात. योम बाईंनी तिचा माग काढला आणि जे निघालं ते ऐकून मी हबकलो. ही पूड परदेशातून पोत्यांत येते तेव्हा तिच्यावर सरकारची नजर असते. पोतं कुणी आणलं, कुठे ठेवलं, सगळं सांगावं लागतं. पण पोतं फोडून पूड कापडात मिसळली की ती गादी होते. आणि गादीला कोण विचारणार? अणुभट्टीवर पहारा होता. पोत्यावर कायदा होता. गादीवर काहीच नव्हतं.

कंपनीचा माणूस कोट घालून सभागृहात आला. "ही निसर्गाची देणगी आहे," तो म्हणाला. "आम्ही बाहेरचं काही घातलेलं नाही."

"विंचूही निसर्गानेच दिलाय," योम बाई म्हणाल्या. "आम्ही तो उशीत भरत नाही."

मागून आजोबा ओरडले, "आणि तो टॉवेलही घेऊन जा! पहिल्याच धुण्यात विरला!"

त्यानंतरचा दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. गल्लीतल्या म्हाताऱ्या पाठीवर, डोक्यावर, ढकलगाड्यांवर गाद्या घेऊन सभागृहासमोर आल्या. कालपर्यंत ज्या लेकांचं कौतुक करत होत्या, त्याच लेकांना ओझी उचलायला लावत होत्या. हेरान मला एकेका गादीवर ठेवत गेली. मी ओरडलो. पुढच्या गादीवर ओरडलो. आवाज बसेपर्यंत ओरडलो. दर वेळी म्हाताऱ्या टाळ्या वाजवायच्या, मी गाणं म्हणतोय जणू. ट्रक भरून गाद्या गेल्या. मग दुसऱ्या गावांतून गेल्या. मग बातमी टीव्हीवर आली, मग राजधानीत पोचली.

आणि कायदा बदलला! अंगाला लागणाऱ्या कुठल्याही वस्तूत अशी पूड घालायची नाही. गादी नाही, उशी नाही, कमरेचा पट्टा नाही. पूड विकणाऱ्याने ती कुणाला आणि कशासाठी विकली ते सांगायचं. घेणाऱ्याने तिचं काय केलं तेही सांगायचं. बंदरावर आता माझे मोठे भाऊबंद कमानीसारखे उभे आहेत. जहाजावरून येणाऱ्या प्रत्येक कंटेनरला विचारतात, आत काय आहे? आणि झोपायची वस्तू मोजायची तर झोपणाऱ्याच्या नाकाशी मोजायची. हा नियम आमच्या खोलीतून निघाला. माझ्या दादाच्या ओरडण्यातून निघाला.

योम बाई ऑफिसात आल्या, खोक्यात टाकलेल्या दादाच्या तारांकडे बघितलं आणि प्यो साहेबांना म्हणाल्या, "हे यंत्र बरोबर होतं. चिठ्ठी काढा." प्यो साहेबांनी नखाने खरवडून काढली. मान वर न करता म्हणाले, "चांगलं यंत्र होतं." होतं! चिठ्ठी निघाली, दादा उठला नाही. सगळं गाव त्याला खरा म्हणतंय आणि ऐकायला तोच नाही. या आनंदाचं मी एकट्याने काय करू? तो कपाटात शेजारी असता तर आमचे दोघांचे आकडे आज एकच आले असते.

माझंही वय झालंय. इतक्या गाद्यांची धूळ ओढली की छाती भरून आलीय. आकडा लवकर चढत नाही, चढला की लवकर उतरत नाही. नवी यंत्रं आली आहेत. मला आता कुणी नेत नाही.

पण हेरानने नेलं. नवं नको, हेच हवं, म्हणून प्यो साहेबांशी भांडून नेलं. आजींनी साध्या कापसाची गादी स्वतः शिवली होती. सगळ्यांच्या मनात एकच भीती: जमिनीत, भिंतीत काही उरलं असेल तर? पोरगी त्या कोपऱ्यात पुन्हा झोपवायची की नाही? आजींनी अंथरूण घातलं, खिडक्या लावल्या, दुलई ओढली आणि मला उशीजवळ ठेवलं.

माझ्या छातीतली जुनी धूळ तडतडत होती. आकडा लाल हद्दीच्या काठावर अडकला. कुणी जेवलं नाही. दोकचू दारात उभा, आजोबा पत्ते खेळायला गेले नाहीत. मी हवा ओढली, सोडली, ओढली. आकडा थोडा हलला. पुन्हा अडकला. घाई केली असती तर कधीच घसरून खाली आलो असतो, पण मला खोटं बोलता येत नाही. माझ्या घराण्यात कुणालाच येत नाही. सकाळ सरली. ऊन खिडकीवरून गेलं. मी ओढत राहिलो आणि आकडा उतरत राहिला, हळू, एकेक पायरी, स्वच्छ हवेच्या आकड्यापर्यंत.

मी हिरवा झालो. आजींनी सोलला आणून माझ्याशेजारी झोपवलं.