दोन किलो पन्नास ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्रात छताच्या हुकाला लटकत असतो. वर गोल तबकडी, आत स्प्रिंग, खाली कापडी झोळी. झोळीत तान्ही बाळं निजवतात. बाळ हातपाय झाडतं, माझी सुई थरथरते आणि मग थांबते. इतकंच माझं काम. पण हल्ली रिकामी झोळीसुद्धा मला जड वाटते.

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या तबकडीवर शून्य ते पाच असे मोठे आकडे छापले, ते किलोचे. दोन आकड्यांच्या मध्ये बारीक रेघा. प्रत्येक रेघ पन्नास ग्रॅमची. अशा वीस रेघा ओलांडल्या की हजार ग्रॅम होतात, म्हणजेच एक किलो.

मी इथे नवा आलो तेव्हा बायका मला बघायला यायच्या. "कसा चकचकीत हाय!" म्हणायच्या. पुढे कौतुक आटलं. पावसाळ्याच्या ओलीनं हुक गंजला. एकदा कुणीतरी झोळीत कोंबडी घालून जोखली. मला बोलता येत नाही, म्हणून तिचंही वजन दाखवलं. रोडकी बाळं मात्र येत राहिली, आणि प्रत्येक वेळी सुई दोनाच्या आसपास थांबली की माझ्यातलं काहीतरी थकत गेलं.

गेल्या थंडीतली गोष्ट सांगतो. लहानू आणि नवसाबाई आपली आठवड्याची मुलगी घेऊन आले. बाळंतपण घरीच झालं होतं. दारात गोटीरामची जीप उभी होती, द्राक्षबागेच्या कामाला निघालेल्या माणसांनी भरलेली. तो सारखा हॉर्न वाजवत होता.

"सिस्टर, पोरीला घेऊन जाऊ ना?" नवसाबाईनं विचारलं. "तिथं शेडात रहायचं हाय. थंडी लय असती."

छाया सिस्टर सकाळपासून एकट्याच होत्या. त्यांनी मुलीला झोळीत ठेवलं. सुई दोनाच्या पुढे एकच रेघ सरकली आणि थांबली. दोन किलो पन्नास ग्रॅम. सिस्टरनं बरोबरच वाचलं. मग त्यांनी मोठ्या केंद्रातल्या श्यामला डॉक्टरांना फोन लावला.

"मॅडम, आठवड्याचं बाळ आहे. वजन दोन पन्नास. प्रवासाला जाऊ देऊ का?"

"दोन पन्नास? म्हणजे अडीच. दूध पितंय ना? मग जाऊ दे, पण नीट गुंडाळून न्यायला सांग."

फोन खरखरत होता, हॉर्न वाजत होता. 'अडीच' हा शब्द सिस्टरच्या कानावरून गेला आणि 'जाऊ दे' तेवढं मनात राहिलं. जीप निघून गेली. माझी सुई शून्यावर परत आली. मला ओरडावंसं वाटलं.

थोड्या वेळानं लताबाई आपला नातू घेऊन आल्या. बाळसेदार नव्हता, पण अंगानं बरा होता. सुई दोन आणि तीनच्या बरोबर मध्यावर थांबली.

"अडीच किलो," सिस्टर म्हणाल्या. तबकडीकडे बघतच राहिल्या. "मघाशी सुई इथं नव्हती... मघाशी दोनाला लागूनच होती."

"काटाच बिघडला असल," लताबाई म्हणाल्या. "लय जुना झाला."

सिस्टरनं स्वयंपाकाच्या खोलीतून मिठाची एक किलोची न फोडलेली पुडी आणून झोळीत ठेवली. मी जीव एकवटून सुई एकावर नेली. ती तिथेच थांबली.

"काटा बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी नुसतं 'दोन पन्नास' म्हणाले आणि मॅडम 'अडीच' म्हणाल्या, पन्नास ग्रॅमचा अर्धा किलो झाला. साडेचारशे ग्रॅमचा फरक! लताबाई, तुमचा मुलगा मोटरसायकल घेऊन आलाय ना? चला, लवकर!"

पुढचं मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. घाटाच्या पायथ्याशी गोटीराम जीपच्या इंजिनात पाणी घालत होता. तिथे सिस्टरनं त्यांना गाठलं. लहानू उतरायला तयार नव्हता.

"मुकादम दुसरी जोडी घेईल, सिस्टर. अख्ख्या हंगामाचं काम जाईल."

"चूक आमची झाली, लहानू. पण पोर फार हलकी आहे. शेडातली थंडी तिला झेपायची नाही."

नवसाबाईनं लुगड्याच्या पदरात हात घातला. मुलीचे पाय गार पडले होते. ती खाली उतरली. मग लहानूनंही टपावरून बोचकं ओढलं.

मुलीला रुग्णालयात ठेवलं. अंगाची ऊब मिळावी म्हणून नवसाबाई तिला दिवसरात्र उघड्या छातीशी धरून बसायची. लहानूचं हंगामाचं काम गेलंच. तो इथेच रस्त्याच्या कामावर खडी उचलत राहिला. होळीच्या सुमारास तिघं परत उपकेंद्रात आले. मुलगी झोळीत पडली आणि सुई तीन ओलांडून पुढे गेली. नवसाबाई हसली नाही. तिनं झोळीची कड घट्ट धरली आणि ती रडली.

मित्रांनो, आता इथे नवा काटा आला आहे. त्याच्या काचेवर लाल आकडे उमटतात. 2.050 आणि 2.500. दोन्हींत तेच अंक आहेत, शून्याची जागा तेवढी वेगळी. एका किलोत हजार ग्रॅम असतात, म्हणून ग्रॅमचे किलो करताना दशांशचिन्हापुढे तीन घरं लागतात. पन्नास ग्रॅम लिहिताना पहिल्या घरात शून्य बसवावंच लागतं. ते शून्य गाळलं की बाळ नुसतं कागदावर गुटगुटीत होतं.

मला आता विश्रांती हवी आहे. माझी स्प्रिंग सैल होत चालली आहे, आणि खोटं वजन सांगण्याआधी मला उतरवून ठेवावं असं मनापासून वाटतं. तुमच्याकडे एकच मागणं आहे. 'दोन पन्नास' म्हणून मोकळे होऊ नका. 'दोन किलो पन्नास ग्रॅम' म्हणायला एक श्वास जास्त लागतो. तेवढा घ्या.