खुब्यावरचा उंचवटा

मावशीला या डॉक्टरचा संशय आला तो त्याने ऑपरेशन नको म्हटल्यावर. आधीच्या डॉक्टरने भाचीच्या खुब्यावरचा हाडाचा उंचवटा दाखवून सांगितलं होतं, हा तासला की सांधा वाचेल. आणि हा म्हणतो, आधी व्यायाम करून बघू. इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

"उंचवटा आहे की नाही, तेवढं सांगा," ती म्हणाली.

"आहे. पण असा उंचवटा न दुखणाऱ्या खुब्यांतही सापडतो." डॉक्टरने नावं झाकून दोन एक्स-रे उजेडासमोर लावले. "यातला दुखरा कुठला?"

मावशीचा जन्म गिरणीत कापड तपासण्यात गेलेला. खोट तिच्या नजरेतून सुटत नसे. तिने मोठ्या उंचवट्यावर बोट टेकवलं. "हा. यात विचारायचं काय?"

"हा माझा. आजवर एकदाही दुखला नाही. तुमच्या भाचीचा तो दुसरा."

भाची हसली. मावशी नाही. डॉक्टर व्यायामाचा कागद आणायला उठला, तशी ती डोळ्यांत तेल घालून त्याची चाल बघत राहिली. ते त्याच्या लक्षात आलं. दारातूनच वळून त्याने खोलीत आणखी एक फेरी मारली.

"आता जिना चढून दाखवा," मावशी म्हणाली.