मागचा डावा

दिग्विजयनं टीव्हीमागं वाकून अँप्लिफायरची एक वायर उपटली, तशी पूर्णिमानं दुसरी वायर पायाखाली दाबून धरली.

"पाय काढ."

"न्हाय काढत."

"पूर्णी, तुटंल वायर."

"तुटू दे की. भंगारातच घालायचंय न्हवं तुला? मग तुटली काय अन् राहिली काय!"

दिग्विजय, तिचा थोरला भाऊ, सकाळीच पुण्याहून गाडी घेऊन आलता. गाडीतनं नवा टीव्ही आला, नवा डिस्क प्लेअर आला आणि हातभर लांब एक काळी पट्टी आली. साऊंडबार. एका पट्टीतनं सगळ्या खोलीचा आवाज, असं तो तीनदा सांगून झालता. वडगावच्या त्या घरात पुढं एक खोली, मागं तीन यंत्रमाग, आणि पुढच्या खोलीत सोळा वर्षं तो जुना अँप्लिफायर, पाच स्पीकर आणि एक मोठा घुमणारा डबा.

"ह्याला एचडीएमआयचं भोकच न्हाय," दिग्विजय म्हणाला. "नव्या डिस्कवरचा आवाज नव्या तऱ्हेचा असतोय. ह्या म्हाताऱ्याला तो कळत न्हाय. घालणार कुठनं आत?"

"मागं ऑप्टिकलचं भोक हाय. तुला दिसलं न्हाय म्हणून काय नसतंय व्हय?"

"लई शहाणी. नववीत शाळा सोडून घरात बसलीस अन् मला शिकवतीस?"

"तू इंजिनिअर होऊन पट्टी आणलीस."

मागच्या दारातनं अंजनी ओरडली, "साकु, पुरे आता! सकाळी सकाळी काय चालवलंय दोघांनी?"

"आई, मी आप्पांना विचारूनच करतोय," दिग्विजय म्हणाला आणि टीव्हीमागनं डोकं बाहेर न काढताच हाक मारली, "आप्पा! हे जुनं सगळं मी नेतो हं! साऊंडबार लावतो!"

त्यांचा बाप केदारी दाराजवळच्या खुर्चीत चहा पीत बसलता. दोन्ही अनवाणी पाय त्या मोठ्या डब्याला टेकलेले. अंजनी त्यावरनं रोज बोलायची, डब्याला तळव्यांचे डाग पडलेत म्हणून. त्यानं बशीवर फुंकर घातली.

"व्हय, व्हय," तो म्हणाला.

पूर्णिमाच्या कानशिलात जाळ उठला. हा डबा ह्याच माणसानं स्कूटरवर पुढं ठेवून, गुडघे फाकवून, खडेबाजारापासून घरापर्यंत आणलता. रविवारी माग बंद असले की निम्मी गल्ली ह्या खोलीत मावायची. वायरी कुठं लावायच्या ते त्यानंच तिला शिकवलं, ती पाच वर्षांची असताना. आणि आता व्हय? दोनदा व्हय?

केदारीनं कप ठेवला, तिच्याकडं बघून हसला आणि मागं मागावर निघून गेला.

"ऐकलंस न्हवं?" दिग्विजय म्हणाला.

"मी ह्याच्यावर नवी डिस्क वाजवून दाखवली तर?"

"पाच स्पीकर अन् डबा, सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

दिग्विजयनं गाडीची किल्ली उचलली. "खानापूरला जाऊन तुझ्या वहिनीला घेऊन येतो. तवर वाजव. न्हाय वाजलं तर आल्याबरोबर डिकीत टाकणार. वाजलं तर ह्या साऊंडबारवर तू कपडे वाळत घाल."

गाडी गेली. पूर्णिमानं साऊंडबारचं खोकं पायानं कोपऱ्यात सारलं आणि जमिनीवर पालथी पडून वायरी सोडवायला लागली.

अँप्लिफायरच्या तोंडावर सहा बारके चौकोन होते. ज्या स्पीकरचा आवाज आत येतोय, त्याचा चौकोन पेटायचा. तिनं आधी प्लेअर टीव्हीला जोडला आणि टीव्हीतनं ऑप्टिकलची बारीक वायर अँप्लिफायरला आणली. डिस्क सुरू केली. दोन चौकोन पेटले. पुढचा डावा, पुढचा उजवा. टीव्हीनं सहाचे दोन करून पाठवले होते.

"मेल्या," ती टीव्हीला म्हणाली.

मग मधला टीव्ही वगळला आणि ऑप्टिकल सरळ प्लेअरलाच लावली. परत दोन. फोनवर तीन व्हिडिओ बघितले. एकजण म्हणाला, जुनं फेकून नवं घ्या. दुसरा म्हणाला, तेच. तिसऱ्याचं पुरतं ऐकलंच नाही, फोन गादीवर आपटला.

मधे केदारी पाणी प्यायला आला. ती त्याच्याकडं वळलीसुद्धा नाही.

"तुमाला काय, लेकानं आणलं की सगळं चांगलं," ती प्लेअरच्या पाठीकडं बघत म्हणाली. "व्हय म्हणायला काय जातंय तुमचं?"

तांब्या ठेवल्याचा आवाज आला फक्त.

"बोला की! तोंडात काय धरलंय?"

मागं वळून बघितलं तर तो गेलता. तिनं पक्कड भिंतीवर फेकली. चुन्याचा पोपडा पडला.

पक्कड आणायला उठली तेव्हा मागच्या दारातनं आप्पा दिसला. एका मागावरचं बीम, ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ, संपलं होतं. नवं बीम चढवून तो त्याचा एकेक धागा जुन्या बीमच्या उरलेल्या शेपटीला गाठ मारून जोडत होता. हजारांनी धागे. माग कुणी खोलत नाही, फणीतनं धागे कुणी नव्यानं ओवत नाही. जुन्याला नवं बांधायचं आणि ओढून घ्यायचं, बास. ती थोडा वेळ बघत उभी राहिली, रागातच, आणि मग धावत परत आली.

गाठ ती भलतीकडंच सोडवत होती. प्लेअरला सांगितलेलं होतं की आवाजाची गाठ तूच सोड आणि मग पाठव. सोडलेले सहा धागे ह्या बारीक वायरीतनं जात नव्हते, दोनच जात होते. न सोडता, बांधलेला तसाच पाठवायला पाहिजे. सोडायचं काम ह्या म्हाताऱ्याचं. प्लेअरच्या सेटिंगमधे ती तीन पायऱ्या आत गेली. पीसीएम, म्हणजे सोडलेलं, होतं, ते बिटस्ट्रीम, म्हणजे बांधलेलं, केलं.

सहाही चौकोन एकदम पेटले.

नव्या आवाजाच्या पोटातच जुन्या मशीनसाठी जुन्या तऱ्हेचा आवाज भरून ठेवलेला होता. नव्यातलं सगळं बारीक काम ह्यात येणार नव्हतं, हे तिला तिसऱ्या व्हिडिओनं मागनं सांगितलं. पण सहा म्हणजे सहा. ढोल वाजायला लागला आणि कपाटाच्या काचा थरथरल्या.

मागचा डावा स्पीकर तेवढा खरखरत होता. उंदरानं वायर कुरतडलेली. तिनं ती अँप्लिफायरमधनं काढली आणि टीव्हीमागं बसून टोक दातानं सोलायला घेतलं. तेवढ्यात केदारी चहा घेऊन आला आणि खुर्चीत बसला. पाय डब्यावर.

राग अजून होताच. मान वर न करता तिनं विचारलं, "आप्पा, तुमच्या डोक्यावरचा बंद झालाय न्हवं? मागचा डावा?"

"व्हय," केदारी म्हणाला. "येतोय. झकास येतोय."

वायर तिच्या दातात होती.

ती हळूच टीव्हीच्या कडेनं बघायला लागली. आप्पा हसऱ्या तोंडानं पडद्याकडं बघत होता. तिनं डोकं परत आत घेतलं.

"आप्पा," ती म्हणाली, हळू नाही, रोजच्या आवाजात. "घराला आग लागलीया."

"व्हय, व्हय."

ढोल चालू होता. खालनं तिला त्याचे तळवे दिसत होते. ठोक्याला ठोका, अंगठा डब्यावर हलत होता. एकही चुकत नव्हता.

मागावर कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथं सगळेच तोंडाकडं बघून बोलतात, हातानं सांगतात. धागा तुटला की दोन बोटांची कात्री, बंद कर म्हणायचं तर आडवा तळवा. घरातसुद्धा सगळे ओरडूनच बोलायचे, कुणाला काय वाटलं नव्हतं. फोन आला की आप्पा लगेच अंजनीकडं द्यायचा, "तूच बोल गं" म्हणून. आणि आज दिवसभर ती रागानं त्याच्याकडं पाठ करून बोलत होती.

वायर तोंडातनं काढून ती तशीच बसली.

गाडीचा हॉर्न वाजला. वहिनी पिशव्या घेऊन सरळ आत अंजनीकडं गेली. दिग्विजय उंबऱ्यात थांबला, चौकोन बघितले.

"पाच पेटलेत," तो म्हणाला. "न्हाय न्हाय, सहा. च्यायला. कसं केलंस?"

पूर्णिमा अजून आप्पाच्या तळव्यांकडंच बघत होती.

"बरं, वाजलं. मानलं. पण किती दिवस वाजणार हे? आप्पांनी सांगितलंय तेच खरं." तो बुटाची नाडी सोडायला खाली वाकला. "आप्पा, नेऊ न्हवं हे गाडीत घालून?"

"व्हय, व्हय."

पूर्णिमा ताडकन उठली. ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्चीसमोर जाऊन उकिडवी बसली, आप्पाच्या तोंडासमोर तोंड येईल अशी. अँप्लिफायरकडं बोट केलं, डब्याकडं केलं, मग दिग्विजयकडं. मग हात दारातनं बाहेर, गाडीपर्यंत लांबवला.

"हा अण्णा," ती ओठ मोकळे करत म्हणाली, "हे सगळं घेऊन जातोय. कायमचं."

केदारीचा अंगठा थांबला. त्यानं पाय जवळ घेतले आणि मग दोन्ही तळवे डब्याला दाबून टेकवले.

"न्हाय!" तो मागावर ओरडतात तसा ओरडला. "हे कुठं जायचं न्हाय!"

आतनं अंजनी आणि वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मग दोनदा व्हय कशाला म्हणालात?" दिग्विजय दुसऱ्या बुटाशी झटत म्हणाला. "थट्टा चाललीय काय माझी?"

केदारी पूर्णिमाच्या तोंडाकडं बघायला लागला. वाट बघत.

"वर बघून विचार," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांना. तोंड वर करून विचार, अण्णा."

दिग्विजयनं चिडून मान वर केली. आप्पाचे डोळे त्याच्या ओठांवर येऊन थांबले. दिग्विजय काही तरी विचारणार होता. त्याचं तोंड तसंच राहिलं, आणि नाडी हातात.

मागच्या डाव्याची वायर जोडायची राहिलीच होती. पूर्णिमानं ती बोटाला गुंडाळली, खाली बसली आणि तो मोठा डबा आप्पाच्या पायांकडं बोटभर सरकवला.