फर्नांडिसांची तेरवी

"हा बी नाही, सिस्टर. हा लॉरेन्स पोस्टात होता," खुशालरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमाले रेल्वेचा पायजे."

फिलोमिनाबाईंनी वहीतलं आणखी एक नाव खोडलं. "पुढची फाईल काढा, भाऊ. माही सुट्टी उद्यापर्यंतच आहे."

अकोल्यातल्या एका जुन्या दैनिकाच्या मागच्या खोलीत दोघं दोन दिवस धूळ खात बसले होते. फिलोमिनाबाई अमरावतीच्या दवाखान्यात नर्स. वय चाळीस. तीन वर्षांच्या असताना आजारी आईनं त्यांना नन्सच्या अनाथाश्रमात ठेवलं आणि वर्षभरात आईही गेली. आपल्याला मागेपुढे कोणी नाही, असं धरून बाई जगल्या. मग सहा महिन्यांपूर्वी आश्रमाचं जुनं रजिस्टर त्यांच्या हाती आलं. त्यात एक ओळ होती: 'फिलोमिना लॉरेन्स. वडील रेल्वेत, मृत. एक मोठा भाऊ.'

त्या एका ओळीनं बाईंची झोप उडाली. बडनेरा, मुर्तिजापूर, अकोला, सगळी चर्चं पालथी घातली, पण लॉरेन्स आडनावाचं रेल्वेतलं घर काही सापडेना. शेवटी एका फादरनी सुचवलं की रेल्वेची माणसं पेपरात निधन वार्ता देतातच, तिथे बघा. पहिल्याच दिवशी बाई खुशालरावांना म्हणाल्या होत्या, "भाऊ असंल त पन्नाशीतला असंल. नसंल त तेवढं तरी समजू द्या. म्या काही जास्त मागत नाही."

खुशालराव सदतीस वर्षं निधन वार्तांच्या काउंटरवर बसत आले होते. महिनाअखेर त्यांची निवृत्ती होती. नाव खुशाल आणि धंदा हा, त्यामुळे थट्टा करायला कोणाला आमंत्रण लागत नसे. बाजारात दिसले की ओळखीचे हात जोडत, "आमचं नाव नका घेऊ बा इतक्यात!" खुशालरावही हसत. पण गेली काही वर्षं त्यांचं हसू आटलं होतं. पातूरकडून, हिवरखेडकडून शेतकरी घरांतली माणसं येत. ओळखपत्रावरून सोलून काढलेला फोटो पुढे करत आणि वय सांगत, पस्तीस, अडतीस. कसा गेला ते कोणी सांगत नसे आणि खुशालराव विचारत नसत. घरी गेल्यावर मात्र ताटावर बसवत नसे. जन्मभर आपण नुसती मरणं पुढे सरकवली, त्यातून कोणाचं काही भलं झालं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ते बायकोलाही बोलले नव्हते.

त्यांची एक वही होती. कोणत्या समाजात मरणाला कोणते शब्द वापरायचे, ते तिच्यात टिपलेलं. हिंदूंची तेरवी, बौद्धांचं पुण्यानुमोदन, मुसलमानांची जियारत, ख्रिस्त्यांची मिस्सा. दुःखात आलेल्या माणसाला आपल्या शब्दांनी आणखी टोचू नये, म्हणून ते ती वही देवासारखी जपत. वहीचं पहिलं पान मात्र टाचणी लावून बंद केलेलं होतं.

दुपारी डबे उघडले. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि एकाएकी हसल्या.

"रेल्वेतला येक म्हातारा खलाशी होता माह्या वार्डात. माहं नाव वाचलं अन् म्हणे, सिस्टर, तुमी लॉरेन्स डायवरच्या कोण? शकुंतला गाडीवर होता तो. म्हणे, आमी जेवलो ना त्याच्या तेरवीले! आता सांगा भाऊ, आमच्यात तेरवी राहते का? म्हातारा तापात होता, बरळून राहिला असंल."

खुशालरावांचा घास हातातच राहिला. "तो म्हातारा कुठं आहे?"

"गेला ना बिचारा. काहून?"

"काही नाही," खुशालराव म्हणाले आणि डबा बंद केला. त्यानंतर त्यांनी फायली काढल्या, पण वाचल्या नाहीत. एकोणसत्तरच्या नोव्हेंबरच्या अंकात कालच एक चौकोनी भोक लागलं होतं. बाईंनी त्यातून बोट घालून, "कोनं कापलं हो?" असं विचारलंही होतं. खुशालरावांनी पान उलटलं होतं. ते भोक त्यांनीच पाडलेलं होतं.

नोकरीचा पहिला आठवडा होता तो. तेव्हा निधन वार्तेची चौकट शिशाच्या खिळ्यांत कायम जुळवून ठेवलेली असे. नाव, गाव, तारीख तेवढी बदलायची. तेरवीची शेवटची ओळ हलवायची नाही. एकवीस वर्षांच्या खुशालनं मुर्तिजापूरच्या एका ड्रायव्हरची बातमी त्या चौकटीत बसवली, बोटांवर तेरा दिवस मोजून तारीख घातली आणि एका ख्रिस्ती घराची तेरवी जाहीर करून टाकली. दुसऱ्या दिवशी मालकांनी साऱ्या ऑफिससमोर त्याची सालटी काढली. त्या घरच्या विधवेला काय वाटलं असेल, या विचारानं तो कितीतरी दिवस नीट जेवला नाही. फाईलमधून बातमी कापून त्यानं नव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली आणि टाचणी मारली. पुढे ते पान त्यानं कधी उघडलं नाही.

आणि आता त्या घरची मुलगी समोर बसली होती. गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. बाई उद्या अमरावतीला परत जातील, आपण आठवड्यात निवृत्त होऊ, संपलं. संध्याकाळभर खुशालराव अंगणात फेऱ्या मारत राहिले. शेवटी बायको, माणिकबाई, वैतागून म्हणाली, "जे असंल ते सांगून टाका ना ज्याचं त्याले. माहं अंगण झिजवून काय होते?"

सकाळी त्यांनी वही बाईंच्या पुढ्यात ठेवली आणि टाचणी काढली. "शिव्या द्याच्या असतील त द्या, सिस्टर. पण आधी वाचा."

कागद तपकिरी पडला होता. 'मुर्तिजापूर येथील ड्रायव्हर श्री. एल. जे. फर्नांडिस यांचे दि. ११ रोजी दुःखद निधन झाले. त्यांच्या मागे पत्नी कार्मेलीन, मुलगा जॉकिम, मुलगी फिलोमिना व भाऊ सायमन, रेल्वे, भुसावळ असा परिवार आहे. तेरवीचा कार्यक्रम दि. २३ रोजी राहत्या घरी होईल.'

बाईंनी स्वतःच्या नावावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. लॉरेन्स हे बापाचं नाव होतं. नन्सनी ते आडनाव म्हणून लिहिलं आणि बाईंचं सगळं घर त्या एका रकान्यात हरवलं होतं.

"जॉकिम," त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्यानं, जणू हाक मारावी तसं, "जॉकिम!"

भुसावळच्या चर्चमधून सायमनच्या मुलाचा नंबर मिळाला. त्यानं फोनवर बाईंचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, जॉकिमदादा बडनेऱ्याला गार्ड आहे, आत्ता मालगाडीवर गेलाय, सकाळी उतरेल तेव्हा त्याला सांगतो. "उद्याच जा ताई. उद्या तेवीस तारीख. दादा दरवर्षी तुमच्या पप्पांची तेरवी करतो."

फिलोमिनाबाईंनी फोन ठेवला आणि खुशालरावांकडे पाहिलं. "छापलं तुमी. आता तुमीच चला."

अमरावतीपासून बडनेरा ते किती! वीस वर्षं बाई त्या स्टेशनावर गाड्या बदलत आल्या होत्या. क्वार्टरच्या दारात मांडव होता. गार्डाचा पांढरा गणवेश न काढताच एक उंच माणूस पाण्याचे तांबे भरत होता. बाईंना पाहून त्याच्या हातातला तांबा वाहू लागला तरी त्याला भान नव्हतं.

"फिलू?" त्यानं विचारलं. बाईंनी मान हलवली. त्यानं त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि एवढा मोठा गडी लहान पोरासारखा हमसून रडला. "म्या आलतो तुले न्याले. नोकरी लागल्याबरोबर आलतो. फर्नांडिसची पोरगी द्या म्हणलं. आश्रमातले म्हणे, अशी पोरगीच नाही."

खुशालराव चपला काढून बाहेरच उभे होते. जॉकिमनं आत नेलं तेव्हा ते बसले नाहीत. "साहेब, ते तेरवीचं माह्या हातून झालतं. चूक झाली. सदतीस वर्सं सांगाले आलो नाही."

जॉकिमनं खुर्ची पुढे ओढली.

"तुमी होय ते? बसा, बसा आधी! माय गोव्याची होती भाऊ. मुर्तिजापुरात बारा वर्सं काढली, पण तिले वाटे आपण इथं परके. त्या दिवशी दुपारी लोकं याले लागले. मायले काही समजेना. शेजारच्या अब्दुल गफ्फारचाचानं पेपर दाखवला, म्हणे, भाभी, छपा है तो होगा. रजियाचाचीनं अंगणात चूल मांडली. सहदेव खलाशानं गूळ आनला, देवरावच्या घरून तांदूळ आले. दीडशे मानसं जेवले पप्पाच्या नावानं. मग त्यायनंच मले सांभाळलं, नोकरीले लावलं. माय जाईपर्यंत एकच सांगे, कोनंतरी आपल्यासाठी पेपरात छापलं बाबा, ते सोडू नको. आता तुमीच सांगा, चूक कायची?"

खुशालराव सगळ्यांत जाऊन बसले. पंगत बसली होती. खलाशी, गार्ड, चर्चमधले फादर, गफ्फारचाचांची नातवंडं, सगळे एका ओळीत. खुशालरावांनी खिशातून वही काढली. निवृत्तीनंतर ती काउंटरवरच्या नव्या माणसाला द्यायची होती. 'ख्रिस्ती' या मथळ्याखाली लाल शाईत लिहिलेलं होतं: 'अंत्यविधी, मिस्सा. तेरवी कधीही लिहू नये.' त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि खाली नेटक्या अक्षरात लिहिलं: 'बडनेऱ्याचे फर्नांडिस सोडून.'

"भाऊ, वरण?" फिलोमिनाबाई वरणाची बादली घेऊन समोर उभ्या होत्या. पदर खोचलेला, घरची मुलगी वाढते तशा.

खुशालरावांनी सवयीनं नको म्हणायला हात वर केला. मग तो खाली घेतला आणि पत्रावळ पुढे सरकवली.