अर्धी कापलेली होडी

"होडी बांधली का किल्ला, कोनाला ठावं. बोटाबोटावर खिला ठोकलाय बापानं."

गोमाजी हे कुणाला ऐकवायला बोलला नव्हता. होडीच्या कुशीला कान लावल्यासारखा वाकून तो फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक फळीवरून फिरवत होता. ते टक् करून चिकटलं की तिथे खडूची फुली. आवडाबाई, त्याची बायको, खडू घेऊन हातभर अंतरावर उभी होती, म्हणून तिला ऐकू आलं. चार महिन्यांत नवरा पहिल्यांदा कुरकुरला होता. तिला बरं वाटलं. कुरकुरतोय म्हणजे आत अजून माणूस आहे.

होडी डोंबिवलीच्या खाडीकाठी, त्यांच्या घरामागच्या चिखलात कलंडून पडली होती. खाडीत मासळी कमी आणि कारखान्यांचा फेस जास्त झाला, तेव्हापासून सात वर्षं ती पाण्यात गेली नव्हती. आता तिच्या पोटात हातभर लांब एक चीर होती. ती चीर, होडी मोडायला काढली तेव्हा, नामाने पाडलेली. नामा म्हणजे गोमाजीचा धाकटा भाऊ. लग्न होऊन आवडाबाई या घरात आली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता, आणि शाळेला दांडी मारायला तिच्याच पदराआड लपायचा. त्या चिरेपाशी विजेची आरी उडाली, नामाच्या पायावर आली, आणि नवव्या दिवशी धनुर्वाताने नामा गेला, त्याला आता चार महिने झाले. होडी तशीच राहिली.

तशीच राहिलीही असती. पण परवा भराव टाकायला डंपर येणार होते. तोवर कापून उचलली तर उचलली, नाहीतर ती मातीखाली जायची आणि वर रस्ता व्हायचा. बापाच्या होडीवरून लोकांची वाहनं जावीत हे गोमाजीला सोसणार नव्हतं. हाताने कापायची तर आठ दिवस हवेत. म्हणून पुन्हा तीच आरी.

आरी नामाचा मित्र फिलिप याची. त्याचा भाऊ लिनो मस्कतहून घेऊन आलेला. धरायला बंदुकीसारखी, पुढे वीतभर अरुंद पातं, बटन दाबलं की ते सरसर मागेपुढे पळतं. फिलिप एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. नामाला तिथे त्यानेच लावलं होतं. त्या दिवशी फिलिपची ड्युटी होती, नामा आरी एकटाच घेऊन आला होता. आज मात्र फिलिप रजा टाकून स्वतः आला होता. चार महिन्यांत तो बराच वाळला होता.

"पातं बसवायचं तर आधी वायर काढायची," तो गोमाजीला सांगत होता. "बटन बंद हाय, चालंल, असं बोलायचं नाय. आनि हे जाड दातांचं पातं. बारीक दातांचं लोखंडाला."

"पन खिला मधी आला तर?"

"म्हनून तर फुल्या मारल्या, दादा. फुली सोडून कापायचं. आता ही पट्टी बघ." पात्याच्या मुळाशी एक लोखंडी पट्टी होती, तिच्यावर त्याने बोट ठेवलं. "ही लाकडाला दाबून टेकवायची. पट्टी सुटली का पातं लाकूड सोडतं नि मशीनच तुला हापटवतं. उंदीर धरल्यासारखं होतं हातात."

"उंदीर नाय, घूस," गोमाजी आरीचं वजन तोलत म्हणाला.

फिलिप जरासा हसला. मग त्याने चिरेच्या दोन्ही बाजूंना खालून ओंडक्यांचे टेके दिले, म्हणजे कापताना फळी खाली बसून पातं चिमटणार नाही. "आनि बटन सोडलं तरी ते दोन-तीन वेला जातं-येतं. पुरतं थांबू द्यायचं. तवर उचलायचं नाय."

नामाने उचललं होतं.

ओट्यावर सासू, जनाबाई, सुपात जवळा निवडत बसली होती. तिचं एकच म्हणणं होतं: "देवीच्या मनात नव्हतं. नारली पुनवेला जिच्या तोंडाशी ताट ठेवलं, तिला कापतात काय?" गोमाजी खिळ्याला दोष द्यायचा. शेजारणी परदेशी मशीनला. फिलिप स्वतःच्या ड्युटीला. प्रत्येकाने आपापल्या वाटणीचं एकेक कारण घेतलं होतं आणि जो तो तेवढंच चघळत होता. दहाव्याला फिलिपने एकदाच विचारलं होतं, "त्याचे कंपनीचे बूट कुठं होते?" तेव्हा सगळे खाडीकडे बघत बसले. बूट खाटेखाली होते. टोकाला लोखंड घातलेले, काळे, जड. अजून तिथेच होते. आवडाबाईचा झाडू रोज त्यांना वळसा घालून जायचा.

"ओहोटी हाय तवर उरकू," गोमाजी म्हणाला.

त्याने चपला काढून ओट्यापाशी नीट जोडीने ठेवल्या. होडीच्या पुढच्या टोकाला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि अनवाणी पाय आत टाकला. होडीत चप्पल न्यायची नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. श्वास घ्यायला तरी कुठे कुणी शिकवतं.

फिलिपने त्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चष्मा घाल, दादा. भुसा उडतो डोल्यात."

"घातला."

"चिखल हाय आत. पाय सरकंल."

"होडीत सरकायला मी काय डोंबिवलीचा भाडेकरू हाय?"

बूट नसले की नामाला कारखान्याच्या फाटकाबाहेर काढणारा फिलिप, पण इथे त्याला 'बूट' हा एक शब्द सापडेना. आवडाबाईला ते दिसलं. नवऱ्याचा पायही दिसला: टाचेच्या भेगा, अंगठ्याचं निळं नख. चिरेपासून जेमतेम वीतभर. नामाचा तसाच पाय तिने हळद दाबून बांधला होता, तिच्याच जुन्या लुगड्याच्या चिंधीने, आणि चिखल धुतला गेला असं समजली होती.

गोमाजीने पट्टी फळीला टेकवली. दोन्ही हातांनी आरी धरली.

"थांबा," आवडाबाई म्हणाली.

ती घरात गेली. खाटेखाली हात घालून बूट ओढले. आत कोळ्याने जाळं केलं होतं, ते बोटाने काढलं. गोमाजीला एक नंबर मोठे होणार, म्हणून टोकाशी चिंध्या कोंबल्या. हे सगळं तिने सावकाश केलं, कारण परत बाहेर जायचं होतं.

बाहेर येऊन तिने बूट होडीच्या कडेवर ठेवले. तिला वाटलं, होडी काहीतरी बोलेल. होडी बोलली नाही.

"होडीत?" जनाबाईचं सूप थांबलं. "आवडे, शुद्ध हाय ना गो?"

गोमाजी बुटांकडे बघत राहिला. "ते घरात ठेव," तो हळूच म्हणाला. त्याला माहीत होतं. त्या दिवशी तो तिथेच उभा होता. सासू ओट्यावर होती. चार महिने दोघांनी आवडाबाईला सांभाळून घेतलं होतं, जेवताना, झोपताना, एकमेकांकडे न बघता.

"वयनी, ऱ्हाऊ दे," फिलिप म्हणाला.

"नाय ऱ्हाऊ द्यायचं." तिने एक बूट उचलून नवऱ्याच्या पायाशी धरला, लहान पोराला घालायला धरतात तसा. "घाला. त्यानं घातले होते. बूट घालूनच चढत होता तो. मीच वरडले त्याला, होडी बाटवतोस काय म्हनून. मीच काढायला लावले."